केवळरामचा सूट

“श्वास सोड रे पोट्ट्या. छाती फुगवून माप देशील तं कोट ढगळ होईल, अन् मंग गावभर सांगशील, श्यामराव टेलरनं कपडा बिघडवला म्हनून.”

भोजराजने श्वास सोडला. श्यामरावांनी फीत आवळली, आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण वहीत लिहिला नाही. ते त्याच्या बापाकडे, परसरामकडे बघत राहिले.

“परसरामभाऊ, खरंच शिवाचा आहे का नुसतं माप पाहाले आले?”

“भाव तं सांगा.”

श्यामरावांनी भाव सांगितला. कापड, अस्तर, छातीत घालायचं कडक कापड, बटणं, शिलाई. परसरामने सगळं ऐकून घेतलं आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या बकरीकडे बघितलं. दीड महिन्याचा पगार होत होता. श्यामराव तीस वर्षं माणसांची मापं घेत आले होते. त्यांनी फीत परत गळ्यात टाकली.

“तसंही जमत नाही, भाऊ. पंधरा नवरदेव बसले आहेत माह्या डोक्यावर. काहून एवढी घाई? लगन ठरलं का याचं?”

“लगन नाही जी, ट्रेनिंग आहे,” भोजराज म्हणाला. “सोमवारी नागपूरले हजर व्हा लागते.”

“मे महिन्यात सूट? पंचेचाळीस डिग्री तापून राहिलं, बाप्पा! आतल्या आत शिजून निघशील तू.” मग काही सुचल्यासारखं करून ते म्हणाले, “भैय्यालाल बँडवाल्याले विचारा. किरायानं देते तो. खांद्यावर झालर असते म्हना, पन नागपूरवाल्यायले काय समजते!”

मशीनवरचे दोघे कारागीर हसले. परसरामही थोडा हसला. दुपारचा दीड वाजला होता आणि भंडाऱ्याच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

पत्र मंगळवारी आलं होतं. नागपूरची एक औषधांची कंपनी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या मुलांना आठ आठवडे शिकाऊ म्हणून घेणार. बॅग धरून डॉक्टरांकडे जायचं, औषधांची माहिती द्यायची. जो बरा निघेल त्याला निकालानंतर कायम करणार. पत्र इंग्रजीत होतं. भोजराजने ते वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या ओळीपाशी त्याचा आवाज खाली आला. पहिल्या दिवसापासून सूट आणि टाय. त्यावाचून आत घेतलं जाणार नाही. परसरामला इंग्रजी येत नव्हतं, पण ती ओळ कागदावर कुठे आहे ते आता त्याला डोळे मिटूनही दाखवता आलं असतं.

टाय रसायनशास्त्राच्या सरांनी दिला. स्वतःचाच, जुना. सूट सरांकडेही नव्हता.

परसराम त्याच सरांच्या प्रयोगशाळेत परिचर होता. सत्तावीस वर्षं. बाटल्या भरायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, फुटलेल्यांची यादी करायची. चांदीच्या क्षाराने त्याच्या दोन बोटांच्या टोकांवर कायमचे काळे ठिपके पडले होते. सूट घातलेली माणसं त्याने जवळून पाहिली ती वर्षातून एकदा, प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक. ते कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावत आणि परसराम तो उचलून खिळ्याला टांगे. कोटाचं वजन त्याला माहीत होतं. अंगावर तो कसा बसतो ते माहीत नव्हतं.

भैय्यालालकडे दोघं जाऊन आले. त्याने बँडच्या पेट्यांवरून एक कोट ओढून काढला, झटकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

“देतो. पन वीसले, बावीसले अन् पंचवीसले तिथी आहे. त्या दिवशी कोट माह्या नवरदेवाले लागते. तुह्या पोराले तीन दिवस सुट्टी घ्या लागन, परसराम.”

“कंपनीत तिथी पाहून सुट्टी देत नाहीत, काका,” भोजराज म्हणाला.

“मंग कायची कंपनी!” भैय्यालाल म्हणाला, आणि कोट पुन्हा पेट्यांवर टाकला.

घरी आले तेव्हा लेक वच्छला ओसरीवर विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओली केलेली तेंदूची पानं. कातरीने पान मापाला कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. परसरामच्या घरात चार वर्षांपासून कातरीचा तो आवाज दिवसभर चालू असे. घड्याळाची टिकटिक जशी कानाला लागत नाही, तसा तो आता कोणाला लागत नव्हता.

भोजराजने सगळी हकीकत सांगितली. बँडच्या कोटावर त्याची आई रुखमा हसली आणि मग तिने तोंडाला पदर लावला.

कातर थांबली होती.

“बाबा,” वच्छला म्हणाली, “माह्या पेटीत एक आहे न.”

वच्छलाने सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि लोखंडी पेटी ओढल्याचा आवाज आला. जावई केवळराम सिहोऱ्याचा. लग्नानंतरच्या अकराव्या महिन्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, शेतातल्या बांधीत त्याला साप चावला. वच्छला परत आली तेव्हा तिच्याबरोबर ही एवढी पेटीच होती.

फिकट राखाडी सूट. घड्यांमध्ये निंबाचा पाला, वाळून चुरा झालेला. लग्नात परसरामनेच करून दिला होता, श्यामरावांकडूनच.

“नाही,” रुखमा म्हणाली. “मेलेल्या मानसाचा कोट माह्या पोराच्या अंगावर नाही घालू देनार मी.”

“जितेपनीच घातला होता, माय,” वच्छला म्हणाली. “एकच दिवस.”

तिने तो भोजराजच्या हातात दिला. चाबकाचा फटका बसावा तशी रुखमा उठून चुलीपाशी गेली. पण पुन्हा नाही म्हणाली नाही. भोजराजने कोट घालून बघितला. खांद्याला बरोबर होता, कमरेला ढगळ. उजव्या बाहीवर कोपराच्या खाली मळकट डाग होते, कॉलरच्या आतल्या बाजूलाही एक लांबट पट्टा, घामाचा असावा तसा.

“धुऊन देतो मी,” वच्छला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी परसराम कॉलेजात जायला निघाला होता. रुखमाची हाक आली. नुसती हाक नाही, किंकाळीच.

“अजी! इकडे या! कोटातून कुंकू निंगून राहिलं!”

मोरीपाशी वच्छला उकिडवी बसली होती. पुढे दगडावर कोट. बाही आणि कॉलर तेवढी भिजवून तिने साबण लावला होता, आणि मळकट डाग होते ते आता तांबडेलाल झाले होते. बाहीवर चार पट्टे, एकाखाली एक. वच्छला त्यांच्याकडे बघत होती.

“मी म्हनलं होतं,” रुखमा भिंतीला टेकून म्हणत होती, “मी म्हनलं होतं, त्याची वस्तू त्याले राहू द्या...”

“कुंकू नाही, माय,” वच्छला म्हणाली. “हळद होय ते.”

परसराम खाली बसला. त्याने बोट टेकवून पाहिलं. त्याला काही सांगायची गरज नव्हती. नागपूरहून लिटमस वेळेवर आला नाही की हळदीच्या पाण्यात गाळणकागद बुडवून, सुकवून, त्याच्या पट्ट्या तोच कापत असे. पिवळी पट्टी आम्लारीत लाल. मुलं दरवर्षी आश्चर्याने बघत आणि वहीत लिहीत. हळदीला साबण लागला की काय होतं ते कोणत्या बाईला ठाऊक नसतं? पण इतक्या वर्षांत पिवळेपणा उडून नुसता मळ राहिला होता. साबण लागला तेव्हा तो ओळखू आला.

“मले वाटलं घाम होय,” वच्छला म्हणाली. तिने आपला उजवा हात उचलला आणि त्या चार पट्ट्यांच्या वर, न टेकवता, धरला. बोटं बरोबर बसत होती. “वरात जाताना नाल्यात बैलबंडी कलंडली होती, बाबा. मी घाबरून त्यांची बाही धरली. तवा ते म्हनाले, आता हात सोडशील तं पडशील.”

एवढंच. तिने हात खाली घेतला.

परसरामला काहीतरी बोलायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षं त्याला फक्त पुढे काय करायचं ते सांगायची सवय होती.

“लिंबू आन,” तो रुखमाला म्हणाला. “आंबट लावलं की लाल जाते. परत पिवळं होते. मंग ओलंच उन्हात ठेवाचं. ऊन हळद खाते.”

प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्यांची रांग होती. पण तिथली काडीसुद्धा त्याने कधी घरी आणली नव्हती. रुखमाने लिंबू आणून दिलं. त्याने ते कापलं आणि रस थेंब थेंब सोडला. लाल पट्टे कडेकडून पिवळे होत गेले. काही क्षण चारही बोटं लख्ख पिवळी उमटली, काल लावल्यासारखी. मग वच्छलाने पाणी ओतलं आणि ती फिकी झाली.

“सगळं जाईल, बाबा?”

“दोन दिवसांत. असं ऊन असलं तं काहीच नाही राहात.” त्याने कोट अंगणातल्या खाटेवर पसरला, बाही सरळ केली, कॉलर उलटी करून वर केली. “कॉलर अशीच राहू दे. तिथंही ऊन लागलं पायजे. सुकली की पानी शिंपडत जा.”

“हो.”

दिवसभर तो भांडारात बाटल्या मोजत होता. सरांनी विचारलं, पोराच्या कपड्यांचं काय झालं. तो म्हणाला, झालं, घरीच होता एक.

चारला परत आला तेव्हा वच्छला खाटेशेजारी, कुडाच्या हातभर सावलीत, सूप घेऊन बसली होती. सावली सरकेल तशी खाट उन्हात ओढलेली दिसत होती. मातीवर पायांच्या रेघा उठल्या होत्या. बाही ओली होती, आणि डाग सकाळच्या अर्ध्यावर आले होते. कॉलर खाली दुमडलेली होती.

वाऱ्याने पडली असेल म्हणून त्याने ती वर केली. अंगणात वारा नव्हता.

शनिवारी तो घरून निघताना कॉलर वर होती. परतला तेव्हा खाली होती, नीट, तळव्याने दाबून बसवल्यासारखी. बाहीवर आता काहीच नव्हतं. उजेडात तिरपं धरून बघितलं तरी नव्हतं. वच्छलाही बघत होती.

“गेली न?” ती म्हणाली.

“गेली.”

तिने मान हलवली आणि पुढचं पान उचललं. परसरामने या वेळी कॉलरला हात लावला नाही.

रविवारी श्यामरावांनी कोट टेबलावर उलटा टाकला आणि चष्मा वर केला.

“हा माहाच टाका होय. सिहोऱ्याच्या केवळरामचा.” “चांगला उंच होता पोट्टा. माप देताना हसे. गुदगुल्या होतात म्हने.” मग त्यांनी कमरेची शिवण उसवली. आत दुमडलेलं, ऊन न लागलेलं कापड अजून गडद होतं, पहिल्या दिवशी होतं तसं. नवरदेवांचे कोट बाजूला सारून त्यांनी तासाभरात दोन्ही बाजू आत घेतल्या. इस्त्री करताना कॉलर उचलली आणि थांबले.

“भाऊ, हे पाहा. इथं राहिली हळद. चांगली पिवळी आहे. मानेची असन.” त्यांनी कातर उचलली. “कॉलर उसवून आतला कपडा बदलून देऊ? दहा मिनिटाचं काम आहे. पैसे नका देऊ त्याचे.”

परसरामने त्या पट्ट्याकडे बघितलं. तळहाताएवढा लांब, बोटभर रुंद. धुतल्यामुळे मळ गेला होता आणि रंग तेवढा उरला होता.

“कॉलर खाली असली तं दिसते का?”

“खाली असली तं देवालेही नाही दिसत. पन आहे तं आहे न! मले माहीत आहे म्हनून सांगून राहिलो.”

“राहू द्या,” परसराम म्हणाला. “मलेही माहीत आहे.”

श्यामरावांनी कातर ठेवली, आणि त्या जागेवरून इस्त्री न फिरवता कॉलर दुमडली.

सोमवारी पहाटे भोजराज अंगणात उभा राहिला. टायची गाठ तिसऱ्यांदा बांधून झाली होती. रुखमाने त्याच्या हातावर दही ठेवलं. तिने कोटाकडे एकदा बघितलं, मग पोराच्या तोंडाकडे, आणि त्याच्या छातीवर नसलेली धूळ झटकली.

“कसा दिसते जी?” तिने विचारलं.

“परीक्षकावानी,” परसराम म्हणाला.

भोजराज हसला, आणि लगेच गंभीर झाला. सहाची बस होती. कपाळावर आत्ताच घाम आला होता.

“बाबा, मागून पाहा न एकदा. धागा, डाग, काही राहिलं तं नाही?”

परसराम त्याच्या मागे गेला. पोरगं त्याच्यापेक्षा चार बोटं उंच झालं होतं. त्याला टाचा उचलाव्या लागल्या. मान वाकवल्याने कॉलर जराशी उचलली गेली होती. काळे ठिपके पडलेल्या दोन बोटांनी त्याने ती खाली घेतली आणि दाबून सारखी केली. ओसरीवर चालू असलेला कातरीचा आवाज थांबला.

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही राहिलं.”

भोजराजने बॅग उचलली. ओसरीवर कातर पुन्हा सुरू झाली.