खडक म्हणजे कोण?

मी पितळेचा पानाचा डबा बोलतोय. तेरेंगानूच्या किनाऱ्यावर एका ओतकाराने मला घडवलं आणि देरामानकाकांच्या आईने घरी आणलं. आमच्या मलय गावांत मुलीला मागणी घालायला जाताना पान, सुपारी, चुना, कात भरून मला पुढे ठेवतात. मुलीकडच्यांनी पान खाल्लं की होकार. न खाता परत पाठवलं की नकार.

देरामानकाका गावाचे मध्यस्थ. मागणी सरळ शब्दांत घालायची नाही, ही रीत. मुलगी म्हणजे बागेतलं फूल, मुलगा म्हणजे भुंगा. सुरुवातीला मलाही गोड वाटायचं. पुढे किळस यायला लागली. आळशी मुलगा 'शांत डोह' व्हायचा, जुगारी 'उडता पतंग'. काकांच्या तोंडातून विड्याची थुंकी आणि हे बोलणं, दोन्ही माझ्या अंगावर उडायचं.

एकदा रोस्दी नावाच्या मुलासाठी आम्ही साओदामावशींकडे मागणी घालायला गेलो. बरोबर त्याची आई होती. रोस्दीचं पहिलं लग्न मोडलेलं.

"वहिनी, आमच्या नावेला एकदा खडक लागला," काका म्हणाले. "शीड जरा फाटलं. आता तुमच्या बंदरात नांगर टाकावा म्हणतो."

"दर्या म्हटला की खडक असायचेच," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पानाकडे हात नेला.

तेवढ्यात पडद्याआडून त्यांची मुलगी सेनाह बाहेर आली. "काका, नाव म्हणजे रोस्दी ना? मग खडक म्हणजे कोण?"

"अगं, बोलायची पद्धत असते ती."

"म्हणूनच विचारते. त्याची पहिली बायको, झहाराह, मला बाजारात भेटली. हात गळ्यात बांधलेला होता. हात तिचा मोडला, आणि खडकही तीच?"

"मोठ्यांत असं बोलू नये, पोरी," रोस्दीची आई म्हणाली.

"मग तुम्ही साधं सांगा. त्याने मोडला की नाही?"

मावशींनी पानाकडे नेलेला हात मागे घेतला. त्यांनी झाकण लावलं. "पानं घरी घेऊन जा, भाऊ."

वाटेत काका हसत म्हणाले, "पोरीला अलंकारिक बोलणं कळत नाही." मला उलटी करता आली असती, तर तिथेच केली असती. त्या घरात ते नीट कळलं होतं ते तिला एकटीलाच.

पुढच्याच महिन्यात मला नदीकाठच्या वरच्या गावात नेलं. मुलगा तोच, शब्द तेच. तिथे कुणी काही विचारलं नाही. बापाने मान डोलावली, आईने विडा तोंडात घातला.

काकू अजून मला चिंच लावून घासतात, मी लखलखतो. उद्या मला तुमच्या अंगणात आणतील. बाबांनो, पान उचलायच्या आधी विचारा, हे फूल कोण, वादळ कोण, आणि जखम नेमकी कुणाला झाली.

परवा काकू सांगत होत्या, ती नवी सून बाजारात दिसली, डोक्याचा रुमाल पार गालावर ओढलेला.

"ढगाआडचा चंद्र," काका म्हणाले, आणि पानाला चुना लावू लागले.