आमच्या गल्लीचा नंबर

लढाईत उद्ध्वस्त झालेली मोसुलची जुनी वस्ती आधी संगणकात बांधून पाहायची, मग जमिनीवर, असं ठरलं. कुठल्या गल्लीत किती कुटुंबं परततील ते भरलं, की कुठला मलबा आधी उचलायचा हे तो सांगायचा. आकडे भरायला मी, शहला. आणि रोज माझं डोकं खायला आमचे बाबा.

"आपल्या गल्लीचा नंबर कधी गं?"

"शेवटी. परतणारं आहे कोण तिथे?"

"तुझी आई तिथेच आहे."

लढाईत घराचं छत कोसळलं तेव्हापासून आई मलब्याखालीच होती. हाडं हाती आल्याशिवाय बाबा तिच्या शोकाला बसायला तयार नव्हते. आल्यागेल्याला म्हणायचे, "अजून पुरलंय कुठे तिला?"

शेवटी आमच्या जुन्या शेजारणीनं, गझवानच्या आईनं, कंबर कसली. आता नदीपलीकडे सुखात राहते, पण शेजारधर्माला पक्की. सगळ्या जुन्या शेजाऱ्यांना तिनं माझ्या टेबलापुढे आणून उभं केलं.

"लिही पोरी, आम्ही सगळे परत येतोय."

"काकू, खरंच?"

"खोटं गं! अल्ला माफ करील. तुझी आई बाहेर येऊ दे एकदाची. आणि चहा तरी पाज, अगदीच कंजूष मोसुलकर निघालीस!"

मी हसले, रडले आणि लिहिलं. आमची गल्ली एकदम पहिल्या नंबरावर गेली. बाबांनी दाढी केली, कबरीची जागा बघून आले.

पण त्या मेल्या संगणकाचा पुढचा हिशोब मला कुणी सांगितलाच नव्हता. परतणारे थोडे असले तर मलबा फावड्यांनी, हाडं वेचत काढायचा. जास्त असले तर घाई, म्हणून मोठी यंत्रं आणि रुंद रस्ता. ठरल्या दिवशी आम्ही सकाळी पोचलो तेव्हा यंत्रं रात्रीतच काम उरकून गेली होती, गल्ली झाडून ठेवल्यासारखी मोकळी होती.

मलबा नदीकाठी टाकत होते, तिकडे धावलो. चार गल्ल्यांचं सगळं, दगडविटा आणि माणसांची हाडं, एकात एक मिसळलेलं. गझवानची आई ऊर बडवत होती, "माझ्या जिभेला आग लागो!"

"वहिनी, असं बोलू नका. तुम्ही आमच्यासाठीच केलंत," बाबा म्हणाले.

मग त्यांनी त्या अख्ख्या ढिगासमोर हात पसरून मेलेल्यांसाठीचा फातिहा म्हटला. तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शहला, परक्या माणसांसमोर तुझ्या आईला घास उतरायचा नाही गं. आता एवढ्यांत कशी राहील?"