अंतर्धान पावलेला ड्रायव्हर

अदलिया वस्तीतल्या आपल्या व्हिलात अमेरिकन मैत्रीण लोरेन ही कथा सांगत होती, तेव्हा अरुणाने सवयीने कथेचे वर्गीकरणही करून टाकले. पुण्यात लोककथांवर प्रबंध लिहून नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी बहारीनला, मनामात येऊन पडलेली विदुषी दुसरे काय करणार? लोरेनच्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथात अशा कथा ढिगाने आहेत. ख्रिस्ताने मृत्यूपासून सूट दिलेले तीन शिष्य अजून पृथ्वीवर हिंडतात. यूटाच्या माळरानावर बैलगाड्या हाकत आलेल्या कुटुंबांच्या दारी पांढऱ्या दाढीचा अनोळखी म्हातारा येतो, भाकरी मागतो, संकट निवारतो आणि पावलांचा ठसाही न ठेवता नाहीसा होतो. लोरेनच्या पणजीकडे तो आला होता. आता तो लोरेनलाही भेटला होता. सखीरच्या वाळवंटात नवऱ्या-मुलांसकट गाडी बंद पडली असताना त्याने ती चालू करून दिली, पावाचा एक तुकडा मागितला आणि ती मुलांकडे वळते न वळते तोच दिसेनासा झाला.

"पाव कधी मागितला?" अरुणाने विचारले.

"सूर्य बुडताक्षणी. तोवर पाण्यालाही शिवला नव्हता."

रमजान चालू होता. अरुणाने सरबताचा पेला खाली ठेवला.

शहराच्या हूरा भागात, अरुणाच्याच इमारतीत, रत्नागिरीचे जमालुद्दीन राहत. कंपनीचे ड्रायव्हर, दाढी पांढरी, रोजे कडक. डायरेक्टरला एअरपोर्टवर ताटकळत ठेवल्याबद्दल त्यांना नुकतेच कामावरून काढले होते. डांबरी रस्त्यावर गाडी उभी करून, वाळू तुडवत अडलेल्या अमेरिकनांना मदत करायला गेलो, हे मॅनेजरला थाप वाटले. त्या अमेरिकनाचा एक फोन येऊ दे, नाहीतर व्हिसा कॅन्सल, एवढीच त्याने सवलत दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अरुणा जमालुद्दीनना घेऊन लोरेनच्या दिवाणखान्यात उभी राहिली. लोरेनचा नवरा ब्राइस त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"साम्य आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेज होतं."

"मावळतीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या कुणाच्याही चेहऱ्यावर ते असतं. एक फोन करा."

"चर्चच्या शुक्रवारच्या सभेत मी उभा राहून साक्ष दिली आहे, की तो अमर शिष्यच होता. मुलांना काय सांगू?"

"की दिवसभर उपाशी असलेल्या एका माणसाने त्यांना सोडवलं. ही कथा हलक्या प्रतीची आहे का?"

लोरेनने डोळे पुसले. ती सालस होती, आणि अरुणाला संताप आला तो नेमका त्या सालसपणाचा. अमर शिष्य फार सोयीचा असतो. त्याला पगार नसतो, मॅनेजर नसतो, सायरा नावाची बायको घरी वाट पाहत नसते. त्याचे उपकार फेडावे लागत नाहीत. नुसते सांगत सुटले की झाले.

"काय बोलतायत, बाई?" जमालुद्दीननी विचारले.

"म्हणतात, तुम्ही माणूस नव्हताच."

"आमचा मॅनेजर पण तेच समजतो." ते हसले. "जाऊ दे, बाई. पोरं घरी पोचली ना? खलास."

"खलास नाही, जमालभाई." ती ब्राइसकडे वळली. "मुलांनी यांना पाहिलंय. त्यांना बोलवा."

ब्राइस उठला आणि मागच्या अंगणाकडच्या दारात आडवा उभा राहिला.

"मुलं झोपली आहेत," तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागून चेंडूचे टप्पे आणि खिदळणे स्वच्छ ऐकू येत होते. अरुणाने कोच दाखवून जमालुद्दीनना बसायला लावले आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली.

"उठू देत," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."