पाऊल न पडलेला डोंगर

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिर्सादाच्या दुकानात सगळं होतं, फक्त तेल संपत आलं होतं.

मोस्तारच्या जुन्या पुलापासून दोन गल्ल्या आत तिचं ते एवढंसं दुकान. फळ्यांवर ऑलिव्हच्या लाकडाचे कंगवे, बकरीच्या दुधाचे साबण, लव्हेंडर भरलेल्या छोट्या उश्या, जाड विणीच्या कापडी पिशव्या. उन्हाळ्यात पर्यटक आत शिरले की आधी खोल श्वास घ्यायचे आणि मग हळू आवाजात बोलायला लागायचे, जणू देवळात आलेत. पण त्यांना हवं असायचं ते स्मिल्येचं तेल. स्मिल्ये म्हणजे तिकडच्या उघड्याबोडक्या, पाण्याला महाग डोंगरांवर उगवणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. आज्या त्याचे झुबके कपाटात ठेवत, कपड्यांना कसर लागू नये म्हणून. त्याला कुणी विचारत नव्हतं. मग कुठून तरी बातमी पसरली की त्याच्या तेलाने सुरकुत्या जातात, जुने व्रण पुसले जातात, आणि तीन-चार वर्षांत त्या झुडपाला सोन्याचा भाव आला.

मिर्सादाने वेळ बरोबर साधली होती. युद्धाच्या दिवसांत ती बाविसाव्या वर्षी जर्मनीत निर्वासित म्हणून राहिली होती, तिथे म्हाताऱ्यांची सेवा करता करता भाषा शिकली होती. तिथल्या बायकांना काय वाचायला आवडतं ते तिला ठाऊक होतं. बाटलीवरचा मजकूर तिने स्वतः लिहिला होता: ‘जिथे माणसाचं पाऊल पडलं नाही, अशा डोंगरावरून.’ व्हिएन्नाच्या एका मोठ्या व्यापारी बाईला, लेंगाउअर तिचं नाव, हे वाक्य इतकं आवडलं की तिने मोठी मागणी नोंदवली आणि अट घातली: पंधरा जूनच्या आत माल हवा.

आणि माल कुठून आणायचा? तिच्या आईच्या गावचे, ब्रिस्टोवाकचे खालचे उतार दोन वर्षांतच ओकेबोके झाले होते. विळ्याने कापलं तर झुडूप पुन्हा फुटतं, पण कापायला वेळ लागतो. लोकांनी मुळासकट उपटलं. उरला तो वरचा उतार. तिथे सगळं पिवळंजर्द होतं, कारण तिथे कुणी जात नव्हतं. युद्धात पेरलेले सुरुंग तिथे अजून जमिनीत होते आणि कुंपणाच्या तारेला लाल पाट्या लटकत होत्या. त्यांवर कवटीचं चित्र आणि दोन शब्द: सावधान, सुरुंग.

सोमवारी दुपारी झाइमकाका दुकानात आले. साठीचा माणूस, बारा वर्षं सुरुंग काढण्याच्या पथकात काम केलेला; आता गावात मधमाश्या पाळत होता. ते कधी शहरात येत नसत. त्यांनी फळीवरची शेवटची बाटली उचलली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं.

“खरं लिहिलंयस हो,” ते म्हणाले. “पाऊल पडलं नाही. टाकायची कुणाची छाती नाही म्हणून पडलं नाही.”

मिर्सादा हसली. “बसा काका. कॉफी टाकते.”

“कॉफी नको. काल तुझ्या व्हॅनमध्ये चढवलेले भारे मी बघितले. तसं दणकट स्मिल्ये खाली राहिलेलं नाही. बायका तारेच्या आत जायला लागल्यात, मिर्सादा.”

“मी कुणाला जा म्हटलेलं नाही.”

“नको जाऊस असं तरी म्हटलंस का?”

तिने कंगव्यांची परडी उगीच सारखी केली. “काका, त्या काय लहान पोरी आहेत? पाटी वाचता येते त्यांना. आणि गावात दुसरं काम तरी काय आहे? तुमच्या मधावर चालतील का घरं?”

“नाही चालणार,” झाइमकाका म्हणाले. “म्हणून तर तुझ्याकडे आलो. त्यांच्याकडे गेलो असतो तर त्यांनी ‘पोट आहे’ म्हटलं असतं, आणि मला बोलायला तोंड उरलं नसतं. तुला पोटाची सबब नाही. तू फक्त एक विचारायचंस, भारा आला कुठून? तारेच्या आतला असेल तर घ्यायचा नाही. तू घेणं थांबवलंस की त्या जाणं थांबवतील. एवढं सोपं आहे.”

“माझं एकटीचं दुकान आहे का? मी नाही घेतलं तर दुसरा घेईल.”

“घेईल. पण मग तो दुसरा असेल, तू नसशील.”

ते निघून गेले. मिर्सादाला राग आला होता, आणि तो राग दिवसभर उतरला नाही. निवृत्त माणसांना दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायला फार वेळ असतो, असं ती स्वतःशीच दोनदा म्हणाली.

बुधवारी तिच्या झुम्रा मावशीचा फोन आला. आईच्या पाठची बहीण, अठ्ठावन्न वर्षांची, नवरा युद्धात गेलेला. गावात स्मिल्ये सगळ्यांत भराभर कापायची ती झुम्राच.

“मिर्सा, खाली काही उरलं नाही गं. दिवसभर वणवण केली तर एक पोतं भरलं नाही. वर मात्र नुसतं डोळ्यात भरतंय. पण पाटी आहे.”

मिर्सादाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या क्षणात काय काय सांगता आलं असतं!

“तू ठरव, मावशी,” ती म्हणाली. “मी काही सांगत नाही. फक्त व्हिएन्नाची बाई पंधरापर्यंतच थांबणार आहे.”

“हं,” मावशी म्हणाली. “बघते मग. शेजारची शेम्सा म्हणते, तिच्या बकऱ्या रोज आत चरतात, एकीलाही काही झालं नाही.”

शुक्रवारी सकाळी आठला मिर्सादा व्हॅन घेऊन ब्रिस्टोवाकला पोचली. शेम्सा आणि आणखी दोघी तारेपाशी भारे बांधत होत्या. झुम्रा मावशी आत होती. साठ-सत्तर पावलांवर, कमरेत वाकलेली, डोक्याचा निळा रुमाल पिवळ्या फुलांत दिसत होता. तिने मान वर करून विळा हलवला. मिर्सादानेही हात हलवला.

आवाज फार मोठा नव्हता. जड दार वाऱ्याने आपटावं, तेवढाच. धूळ उडाली आणि निळा रुमाल दिसेनासा झाला.

मिर्सादा धावली. तार ओलांडायला तिने पाय उचलला आणि मागून कुणीतरी तिला इतक्या जोराने ओढलं की ती पाठीवर पडली. झाइमकाका होते. तारेलगतच्या आपल्या घरातून अनवाणीच आले होते.

“एक पाऊल आत टाकलंस तर मला दोघींना आणावं लागेल!”

“ती ओरडतेय, काका!”

“ओरडतेय ते चांगलं आहे. ओरडू दे. पट्ट्यानं मांडी आवळ म्हणून सांग तिला. इथूनच सांग. सांगत राहा. शेम्सा, दवाखान्यात फोन लाव.”

घरातून त्यांनी जुने बूट आणि एक लोखंडी सळई आणली. मग ते आत शिरले. पोटावर पडून, सळईने जमीन तिरकी टोचत, एकेक वीत. ते साठ-सत्तर पावलांचं अंतर कापायला त्यांना पाऊण तास लागला. पाऊण तास मिर्सादा तारेपाशी गुडघ्यांवर बसून ओरडत होती, “आवळ, मावशी, अजून आवळ!” आधी मावशी आपल्या आईला हाका मारत होती. मग मिर्साला. मग नुसतं कण्हणं ऐकू यायला लागलं, आणि तेव्हा मिर्सादाला वाटलं, ओरडणं किती बरं होतं!

झुम्रा वाचली. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

पोलीस आले, कागद झाले. कागदावर चूक झुम्राचीच निघाली: पाटी होती, तरी स्वतःहून आत गेली. मिर्सादाचं नाव कुठेही नव्हतं. ते वाचून तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची पुढच्याच क्षणी शिसारी आली.

दहाव्या दिवशी ती इस्पितळात गेली. रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून तिने घरातून तेलाची एक बाटली घेतली होती. स्वतःसाठी ठेवलेली होती ती. तिला खरोखरच काही सुचलं नव्हतं. मावशी उशीला टेकून बसली होती, चेहरा मेणासारखा. बाटली हातात घेऊन तिने उजेडात धरली.

“हे व्रण पुसतं म्हणे.”

“हो, मावशी. म्हणजे जखम भरली की.”

“कुठे लावू?” झुम्राने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच विचारत होती. “पाय तर वर राहिला.”

मिर्सादाला रडू फुटलं. ती पलंगाच्या कडेला डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मावशीने तिच्या केसांवरून हात फिरवला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई तेवढी म्हणाली, “अहो, पाणी प्या.”

थोड्या वेळाने मावशी बोलली. “तू फोनवर ‘जा’ म्हणाली असतीस ना, तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि गेले नसते. तू ‘मी काही सांगत नाही’ म्हणालीस. तेव्हाच कळलं मला, की तुला काय हवंय. मुलाबाळांवाली नाही मी, तूच काय ती. तू मागितलंस, म्हणून गेले.”

“मी मागितलं नव्हतं, मावशी...”

“मागितलंस, मिर्सादा.”

लहानपणापासून मावशी तिला मिर्साच म्हणत आली होती. त्या दिवसापासून पूर्ण नावाने बोलवायला लागली. बाकी वागणं पूर्वीसारखंच राहिलं, जेवलीस का विचारायची, पण ते हाक मारणं काही परत आलं नाही.

घरी आल्यावर मिर्सादाने व्हिएन्नाला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आता माल फक्त लावलेल्या शेतातला मिळेल, सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचा. दोन वर्षं लागतील. आणि बाटलीवरचं वाक्य बदलावं लागेल, कापणाऱ्या बायकांची नावं आणि जागा छापायची. लेंगाउअर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“फार वाईट झालं,” त्या म्हणाल्या, आणि आवाजावरून खरंच वाईट वाटल्याचं जाणवत होतं. “पण तुम्ही माझीही अडचण समजून घ्या. माणसं रात्री झोपण्याआधी हे तेल चेहऱ्याला लावतात. त्यांना शांत वाटायला हवं. अशी गोष्ट बाटलीवर नाही घालता येत.”

“मग बाटलीवर खोटं घालायचं?”

“खोटं कशाला? काहीच घालायचं नाही.”

मिर्सादाने फोन खाली ठेवला. काहीच बोलायचं नाही! हेच तर तिनेही केलं होतं, इतक्याच सभ्य आवाजात.

तिने बाटल्यांवर चिकटवायच्या जुन्या चिठ्ठ्या फाडल्या. हिवाळ्यात झाइमकाकांबरोबर सरकारी कचेरीत दहा खेपा घातल्या, आणि गावाखालचा एक मोकळा केलेला तुकडा भाड्याने घेतला. रोपं लावली. पहिल्या वर्षी निम्मी जळून गेली. दुकान अर्ध्यावर आलं. तोवर ती दुसरीकडच्या लावलेल्या शेतातलं थोडं तेल आणून विकायची. गिऱ्हाईक विचारायचं, “रानातलं अस्सल नाही का?” ती म्हणायची, “रानातलं अस्सल माझ्या मावशीला विचारा.” बहुतेक जण बाटली ठेवून निघून जायचे.

आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये ब्रिस्टोवाकच्या चौकात दुसऱ्याच एका व्यापाऱ्याची व्हॅन येऊन उभी राहिली.

मिर्सादाला कळलं तेव्हा ती पहाटेच निघाली. तारेपाशी ती आणि झाइमकाका उभे राहिले. सात बायका वर आल्या, विळे आणि पोती घेऊन. सगळ्यांत पुढे शेम्सा होती.

“बाजूला हो, मिर्सादा.”

“शेम्सा, तू होतीस तिथे. तू ऐकलं आहेस.”

“ऐकलं. आणि तुझी व्हॅन भरली तेव्हा तू हात हलवत होतीस, तेही बघितलं. आता तुला शहाणपण सुचलं, म्हणून आमच्या चुली विझवायच्या?”

“माझ्या शेतावर या. चौघींना काम आहे.”

“चौघींना. आणि आम्ही सात जणी.”

झाइमकाका एवढंच म्हणाले, “मी आता म्हातारा झालो, शेम्सा. मला परत एकदा आत जाववणार नाही.”

मग चौघी माघारी वळल्या. शेम्सा आणि उरलेल्या दोघी तार ओलांडून गेल्या. मिर्सादा दुपारपर्यंत तिथेच बसून होती, प्रत्येक खटक्याला दचकत. त्या दिवशी काही झालं नाही. तिघीही भरली पोती घेऊन हसत खाली आल्या. आणि काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पाच जणी गेल्या.

तरीही मिर्सादा रोज सकाळी तिथे जाते. रोज एखादी वळते, कधी एकही वळत नाही. शेजारणी तिला वेडी म्हणतात. झुम्रा मावशी मात्र एकदा कुबड्या टेकत तिच्याबरोबर वर आली आणि पाटीच्या खाली खुर्ची टाकून बसून राहिली. त्या दिवशी कुणीही आत गेलं नाही.

वाचकहो, ही गोष्ट दूरच्या डोंगरावरची आहे, पण बाटली आपल्याही न्हाणीघरात आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचला की आपलं मन निवतं आणि आपण पुढचं काही विचारत नाही. झाड आपणहून चालत येऊन बाटलीत बसत नाही. कुणाचे तरी हात ते कापतात, आणि ते हात उभे असतात कुणाच्या तरी पायांवर. निसर्गावर प्रेम करायचं असेल, तर त्या पायांखाली काय आहे हे आधी विचारायला हवं. विकणाऱ्याने विचारावं, घेणाऱ्याने विचारावं, मोठ्याने विचारावं. ‘मी काही सांगत नाही’ म्हणून हात झटकणारा माणूस मोकळा सुटत नाही. त्याचं न सांगणं कुणीतरी ऐकतं, आणि चालायला लागतं.