हँडलवरचा तिसरा हात

बाबांनी डोळे मिटले आणि मैदान चिडीचूप झालं. मधोमध एक मोटारसायकल डबल स्टँडवर उभी होती, इंजिन चालू, सीटवर पाण्यानं भरलेला पेला. पाणी असं उसळत होतं की बघता बघता पेला निम्मा झाला. मग इंजिन बंद करून गाडीवर काळी शाल टाकली गेली. पट्टशिष्य धूप घेऊन शालीखाली शिरला, बाबा कुणालाच न कळणाऱ्या भाषेत खेकसले, धूर झाला. शाल निघाली, गाडी पुन्हा चालू झाली आणि नव्यानं भरलेल्या पेल्यातलं पाणी जेमतेम शहारलं.

"गेला!" बाबा गरजले. "रस्त्यात पडून मेलेला स्वार होता तो! तुमच्या दोन हातांवर आपला तिसरा हात ठेवून बसतो. हँडल थरथरतं ते त्याच्या हुडहुडीनं!"

"मेल्यावरही थंडी वाजते होय?" नर्सबाई पुटपुटल्या.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी कोपर मारलं. "तोंड आवर जरा. आता आपलाच नंबर आहे."

नर्सबाई रोज मोटारसायकलनं लांबलांबच्या वस्त्यांवर जायच्या आणि बाळांना लस टोचायच्या. पण गेले पंधरा दिवस गाडीचं हँडल असं काही थरथरत होतं की वस्तीवर पोहोचेपर्यंत बोटं सुन्न व्हायची. नवऱ्यानं मुठींवर जाड फोम चढवला, हातमोजे आणून दिले. उपयोग शून्य. परवा तर सिरिंज हातातून निसटली. बाळाला लागली नाही हे नशीब. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "हात स्थिर होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही. रजिस्टर लिहीत बसा." ते नर्सबाईंना फार लागलं होतं.

बाबांनी नर्सबाईंच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. "गाडी बाई चालवते, म्हणून हा स्वार हटून बसलाय. पुढच्या रविवारी गाडी आमच्याकडे आणून सोडा. पोरीनं पुन्हा हँडल धरायचं नाही. आणि तोवर पाना लावायचा नाही, स्वार कोपतो!"

सासूबाईंनी घरी जाताच हत्यारांची पेटी कुलपात टाकली.

आता नर्सबाईंना एक खोड होती. वस्तीत जुलाबाची साथ आली की कुणी कुणावर करणी केली हे त्या विचारत नसत. पाणी कुठलं प्यालात, एवढंच विचारत. त्यांनी वही काढली आणि झपाटलेल्या गाड्यांच्या मालकांकडे एकेक करून चक्कर मारली. रस्ते वेगळे, टायर वेगळे, गाड्यांची वयं वेगळी. एकच गोष्ट सारखी होती. सगळ्या गाड्या आरशासारख्या चकचकीत होत्या. पट्टशिष्याचं गाड्या धुण्याचं दुकान होतं आणि पहिली धुलाई फुकट. नर्सबाईंची गाडीही तिथंच धुतली होती, बरोबर पंधरा दिवसांपूर्वी.

मग त्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजींच्या गाडीचा मूळ रंग कोणता, यावर शाळेत पैजा लागायच्या.

"माझी? लोण्यासारखी चालते," गुरुजी म्हणाले.

"शेवटची कधी धुतलीत?"

"धुवायची असते?"

नर्सबाई हसल्या आणि त्यांनी गुरुजींचा चौदा नंबरचा पाना मागून घेतला.

आपल्या गाडीशी त्या वाकल्या. इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारा नट बोटांनीच फिरत होता! त्यांनी तो आवळला. लस दिलेल्या मुलांच्या बोटाला लावायची शाई काढून नटापासून सांगाड्यापर्यंत एक सरळ रेघ मारली. गाडी फिरवून आणली, तर हँडल गप्प. मग ती चांगली गाडी त्यांनी मुद्दाम पुन्हा धुवायला दिली. परत आली तेव्हा नटावरची रेघ एकीकडे, सांगाड्यावरची दुसरीकडे, आणि स्वार पुन्हा हजर.

सासूबाईंना हे सांगून पटलं नसतं. त्यांनी पेला डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा डोळ्यांनाच दुसरं काही दाखवायला हवं होतं.

रविवारी नर्सबाईंनी सैल नटाला जखमेवरचं जांभळं औषध भरपूर चोपडलं आणि मैदानात जाऊन हात जोडले. "बाबा, गाडी घ्या. पण आधी सगळ्यांसमोर स्वाराला काढून दाखवा. आईंच्या जिवाला घोर लागलाय हो!"

एवढ्या गर्दीसमोर बाबा नाही कसं म्हणणार? शाल पडली, धूर झाला, खेकसणं झालं. शिष्य बाहेर आला आणि त्यानं भक्तिभावानं दोन्ही हात वर केले. दहाही बोटं जांभळी!

"अगबाई, बोटाला शाई लागली," नर्सबाई ओरडल्या. "चला, यांची लस झाली!"

मैदानात हशा पिकला. शिष्य हात लपवायला वळला आणि त्याच्या कफनीतून पाना ठणकन खाली पडला.

"माया आहे ही!" बाबा किंचाळले.

"चौदा नंबरची माया," नर्सबाई म्हणाल्या. "धुताना नट सैल करायचा, शालीखाली आवळायचा. तुमच्याही गाड्या धुतल्यावरच थरथरायला लागल्या ना? आठवून बघा."

मागून गुरुजींचा आवाज आला, "बाबा, तुमची स्वतःची गाडी एवढी धुळीनं माखलेली कशी हो? शिष्याकडे धुवून का घेत नाही?"

बाबा त्या धुळकट गाडीवरून जे सुसाट निघाले, ते परत दिसले नाहीत. शिष्याला मात्र लोकांनी हलू दिलं नाही.

सासूबाई त्या जांभळ्या नटाशी वाकल्या. त्यांना लाज वाटली होती आणि रागही आला होता, आणि दोन्ही तोंडावर दिसत होतं. त्यांनी पाना उचलला, पदर खोचला आणि नट सैल केला. गाडी चालू करताच सीटवरच्या पेल्यातलं पाणी उसळलं. पुन्हा आवळला, पाणी निवलं.

"मला कुणी आधी वाकून बघू दिलं असतं तर!" त्या म्हणाल्या.

"आई, कुणाची परवानगी लागत नाही त्याला," नर्सबाई म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. "गाडी थरथरली तर आधी खाली वाका. नट बघा, टायरची हवा बघा. तरी थरथरली तर हँडलच्या टोकांना वजनं लावून मिळतात, ती लावा. बोटं सुन्न राहिली तर डॉक्टरकडे जा. एवढं करूनही काही उरलं, तर मला विचारा. मी 'माहीत नाही' म्हणेन, पण तुमच्या गाडीवर मेलेला माणूस बसवणार नाही."

तोवर झपाटलेल्या गाड्यांची रांग लागली होती, सासूबाईंसमोर.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी नर्सबाईंचे हात तपासले आणि रजिस्टर काढून घेतलं. त्या दिवशी वस्तीवरचं पहिलं बाळ सुई बघून हातपाय झाडत रडलं. त्या खोलीत थरथरत होतं ते एवढंच.