श्रावणातली सुरी

लासुर्ण्याच्या गेणबा लोहाराला आपल्या हातापेक्षा आपल्या नाकाचा भरवसा जास्त. माणूस भट्टीपाशी येऊन टेकला, की तो खरं बोलतोय का खोटं हे आपल्याला वासावरून कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा. हात मात्र खरोखरच गुणाचा. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा आणायचा, तापवून ठोकून त्याचं पातं काढायचं, आणि मुठीला बाभळीचा नुसता लाल गाभा घ्यायचा. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला तो शिवायचा नाही, ते किडतं. त्याची बायको दगडाबाई समोर उभी राहून घण घालायची. त्याचा कोयता बापानं वापरला, आता मुलगा वापरतोय, अशी घरं आमच्या भागात बरीच होती.

पातं पाण्यात बुडवण्याआधी गेणबा गिऱ्हाइकाला हटकून विचारायचा, "कशावर चालवायचं?" पाण्यातून काढलेलं पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. ते पुन्हा मंद आचेवर धरायचं आणि पिवळसर झाक आली की काढायचं, तेव्हा कुठं ते मार सोसतं. किती वेळ धरायचं ते कामावर ठरतं. ऊस वेगळा, हाड वेगळं. म्हणून उत्तर दिल्याशिवाय कुणाची सुटका नसे.

पंच्याण्णव सालच्या श्रावणात डाळजचे आबाजी आले. एके काळी मेंढरं राखलेले, आता थोडा ऊस लावणारे, उंच आणि वाळकुडे. बसायला पोतं दिलं तरी ते उभेच राहिले.

"गेणबाराव, सुरी पायजे. टोकाची. आजच्या आज द्या. आन् मूठ बारीक ठिवा."

"देतो की. कशावर चालवायची, आबा?"

आबाजींनी रस्त्याकडं बघितलं. "जत्रंच्या बोकडाला."

गेणबानं मान डोलावली, पण त्याचं नाक कामाला लागलं. डाळजची जत्रा चैत्रात. श्रावणात कोण बोकड कापतंय? शिवाय आबाजींचं आणि त्यांच्या चुलतभावाचं, बापूसाहेबांचं, बांधावरून हातघाईवर आलेलं भांडण त्यानं भिगवणच्या बाजारात ऐकलं होतं. बारीक मूठ म्हणजे कमरेला खोचायची, टोक म्हणजे माणसाच्या पोटात घालायचं. त्याचा हिशेब तिथंच पूर्ण झाला.

नाही म्हणावं, तर म्हातारा बारामतीला जाऊन तयार सुरी विकत घेईल. गेणबानं मनाशी ठरवलं, द्यायची, पण पहिल्याच घावाला मोडेल अशी. बापूसाहेब वाचेल आणि आबाजी फासावर जायचा वाचेल. त्याला स्वतःच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं.

पातं लालभडक तापलं, पाण्यात गेलं, चर्रर्र वाजलं. गेणबानं ते पुन्हा आचेवर धरलंच नाही. धार लावली आणि सरळ मूठ बसवायला घेतली.

दगडाबाई घण टेकवून बघत होती. ती हळूच म्हणाली, "आवं, आच दाखवायची ऱ्हायली."

"गप ऱ्हा."

"आन् एवढी बारीक मूठ बाप्याच्या हातात बसंल व्हय? कुणासाठी हाय ते तरी इचारा."

"तू घण घाल. इचारायचं माझं मी बघतो."

मला राग येतो तो ह्याच जागी. बाई दिवसभर त्याच्या बरोबरीनं लोखंड ठोकते, पण तिच्या बोलण्याला भट्टीतल्या राखेएवढी किंमत नाही.

आबाजींनी धारेवर अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. सुरी कपाळाला लावून ते म्हणाले, "तुमच्या हातची हाय. आता मला घोर न्हाय." आणि एसटी गाठायला निघून गेले.

गेणबा रोज डाळजच्या बातमीकडं कान लावून बसायचा. बापूसाहेब धडधाकट आहेत असं कुणाच्या तरी तोंडून कळलं, त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. तिकडून दुसरीही एक बातमी निघालेली असणार, पण ती आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती.

श्रावण संपता संपता भरदुपारी एक बाई एसटीतून उतरली. पंचविशीची असेल. डावा हात कोपरापर्यंत कापडात बांधलेला. तिनं ऐरणीवर एक फडकं उलगडलं. आत सुरीचे दोन तुकडे होते.

"मी डाळजच्या आबाजींची रोहिणी," ती म्हणाली. "तात्या, ही मोडली. दुसरी पायजे."

गेणबानं तुकडा उचलला. मोडलेल्या कडेला साखरेसारखे दाणे दिसत होते. कच्च्या पात्याची ती खूण त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

"कशानं मोडली?" त्यानं विचारलं.

"मी म्हायेरी पळून आली हुती. नवरा म्हनला हुता, येऊन जीव घेतो. म्हणून आबांनी ही आणून दिली, कायम जवळ बाळग म्हनले. तो आला कुऱ्हाड घिऊन. मी मारली, ती त्याच्या कमरंच्या पट्ट्याच्या लोखंडी बकलावर बसली आन् हातातच तुटली. मग आबा मधी आलं. काल त्यांचा दहावा झाला."

दगडाबाईनं हातातला घण खाली ठेवला.

"चूक माझीच आसंल," रोहिणी म्हणाली. "आबा म्हनायचं, गेणबाची सुरी दगा देत न्हाय. मलाच नीट मारता आली न्हाय."

"पाटाच खराब निघाला आसंल," गेणबा पुटपुटला.

"पाटा चांगला हुता!" दगडाबाई ओरडली. "पोरी, ह्यांनी जाणूनबुजून कच्ची ठिवली. तुझा बा चुलतभावाला मारायला निघालाय आसं ह्यांच्या डोक्यात भरलं. तुझं काय बी चुकलं न्हाय."

रोहिणी गेणबाकडं वळली. तो वाट बघत होता शिव्यांची. शिव्या आल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आबांना सांगाया लाज वाटली आसंल," ती म्हणाली. "पर कुणासाठी हाय ते तुमी येकदा इचारायचं हुतं, तात्या."

गेणबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"रडायचं मागनं बघा. तो पळालाय, अजून घावला न्हाय. मी हितं आल्याचं त्याला कळलं आसंल तर तो हितंबी येईल. सुरी करा."

दगडाबाईनं भाता मारला. गेणबानं पाटा निखाऱ्यात घातला, पण त्याच्या सांडशीत लोखंड ठरेना. दोनदा पाटा खाली पडला. दगडाबाईनं त्याच्या हातातून सांडशी काढून घेतली आणि त्याला घणाकडं ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा ती धरत होती आणि तो मारत होता.

रोहिणी भट्टीकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसली. भिगवणकडची एसटी थांब्यावर येऊन उभी राहिली. धूळ खाली बसेपर्यंत काही दिसेना. मग एक माणूस उतरलेला दिसला.

"मावशी," रोहिणी मान न वळवता म्हणाली, "अजून किती येळ लागंल?"