पहिले आटे बोटांनी

वर्कशॉपमध्ये सगळेच त्याला मामा म्हणत, पण खरी भाची एकच. ती शुक्रवारी दुपारी आपली करडी स्पोर्ट्स कार घेऊन आली आणि उतरता उतरताच म्हणाली, "मामा, हिची मागची चाकं पोटात गेल्यासारखी दिसतात. जरा बाहेर काढून दे. परवा ट्रॅकवर न्यायचीय."

भाची दातांची डॉक्टर. मामाने पाना खाली ठेवला. "लोकांचे पुढे आलेले दात आत घालतेस, आणि चाकं बाहेर काढायला माझ्याकडे येतेस होय?"

"तेवढाच देवाचा तोल सांभाळला जातो."

मामा हसला. हसायची जागा आली की तो हसायचा, ती सवय अजून मोडली नव्हती. बाकी गेले चार महिने आतून सगळं कसं कापूस भरल्यासारखं होतं. त्याची सुरुवात उजव्या हातापासून झाली होती. तीस वर्षं बोल्ट आवळायची हवेची गन धरधरून अंगठा आणि शेजारची दोन बोटं आधी मुंग्यांनी भरली, मग मुंग्याही गेल्या. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर बोट टेकलं, ते त्याला वासावरून कळलं. घरी बायकोला त्याने सांगितलं, पत्रा लागला. वर्कशॉपच्या मालकीणबाईंना तर काहीच सांगितलं नाही. ज्या माणसाला आख्खं गाव हातांसाठी ओळखतं, त्याने हात गेले म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं?

त्याने मडगार्डच्या कडेला सरळ पट्टी लावली, टायरपर्यंतचं अंतर मोजलं. डोळे शाबूत होते. "अठरा मिलिमीटर. मागे पंधराचे स्पेसर बसतील."

"पंचवीस घाल ना. रुबाबदार दिसेल."

"पहिल्याच वळणावर मडगार्ड टायर सोलून काढेल. मग बस रुबाब करत."

त्याने कपाटातून दोन जाड चकत्या आणल्या. चाक आणि ते ज्यावर आवळतात तो हब, यांच्या मध्ये बसणाऱ्या या चकत्या, यांनाच स्पेसर म्हणतात. तो एकेक उलटीपालटी करून दाखवत होता. "ही मधली उभी कड बघ. हिच्यावर चाक मधोमध बसतं. बिनकडेची चकती घेतलीस तर गाडी वेगात थरथरणार. आणि चकती पंधराची, तर बोल्टही पंधरानं लांब. जुनेच वापरले तर दोन-चार आट्यांवर लटकतील. बोल्टाच्या डोक्याखालचं बूड गोलच हवं, कारण तुझ्या चाकाची वाटी गोल आहे."

"एवढ्याशा बोल्टाचे काय हे नखरे!"

"तुझ्या दाढेपेक्षा कमीच आहेत."

लांब, गोल बुडाच्या बोल्टांचे दोन ट्रे होते, एक जाड आट्यांचा, एक बारीक. दिसायला जुळी भावंडं. ते तपासायला आटे मोजायची दातेरी पट्टी असते, पण मामाने ती जन्मात वापरली नव्हती. नवीन कामगारांना तो ऐकवायचा, "ती पट्टी ज्यांना देवानं बोटं दिली नाहीत त्यांच्यासाठी." बोल्टावरून नख फिरवायचं की झालं. तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही ट्रे एकदमच खाली सांडले, तेव्हाही त्याने नखानेच ते वेगळे केले होते.

त्याने जाड आट्यांच्या ट्रेमधून दहा बोल्ट उचलले, हबवर चकती ठेवली, चाक चढवलं आणि गनकडे हात नेला.

"अरे, थांब," भाची म्हणाली. "पहिले आटे बोटांनी. माझ्या सायकलीपासून तूच घोकून घेतलंस ते. आज डायरेक्ट गन?"

"वेळ वाचतो."

"तुला कधीपासून वेळ वाचवावासा वाटायला लागला?" तिने बाह्या सरसावल्या, बोल्ट घेतला आणि बोटांनी फिरवला. तो सरसर आत गेला. दुसरा दोन फेऱ्यांत अडला.

"घाण असेल," मामा म्हणाला. "गननं जाईल."

"नाही जायचा. दगडावर दात लागावा तसं लागतंय." तिने तो काढला, दुसरा घातला, तो गेला. त्यानंतरचा पुन्हा अडला. तिने अडलेला आणि गेलेला असे दोन बोल्ट त्याच्यासमोर धरले. "यातला बारीक आट्यांचा कुठला, सांग बरं."

मामाने सवयीप्रमाणे डोळे मिटले. एकावरून नख फिरवलं, मग दुसऱ्यावरून. दोन्ही बोल्ट सारखेच होते. दोन्ही बोल्ट नव्हतेच, असंही म्हणता आलं असतं.

डोळे उघडले तेव्हा भाची त्याच्याकडे बघत होती. चेष्टेचा सूर पार गेला होता. "हात दे," ती म्हणाली. तिने केसांतली पिन काढली आणि तिचं टोक त्याच्या बोटावर टेकवलं. त्याला कातडीत खळगा पडलेला दिसला. दिसला, एवढंच.

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

"मामा, लोकांना बधिर करणं हा माझा रोजचा धंदा. आणि तू माझ्यासमोर बसून…" तिने वाक्य सोडून दिलं. "दाखवायला हवंय. बरं होतं यातलं बरंचसं. पण आधी हे सांग, या ट्रेमधले बोल्ट अजून कुणाच्या गाडीला लावलेस?"

मामा आठवू लागला. अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट तो ऐकत होता. "एकच गाडी. गाणं शिकवणारे मास्तर. त्यांच्याही गाडीला स्पेसर आहेत, त्यांचे दोन बोल्ट हरवले होते. अडत होते, मी गननं दामटले."

"मग?"

मामा उठला. ऑफिसचं दार दहा पावलांवर होतं. तो गेला, आणि मालकीणबाईंसमोर उभा राहून, एका दमात, जेवण झालं म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या उजव्या हाताला कळत नाही. मी बोल्ट मिसळलेत. मास्तरांना फोन लावा, गाडी हलवू नका म्हणावं."

मालकीणबाईंनी आधी फोन लावला. मास्तर निघण्याच्या बेतातच होते, घाटापलीकडे लेकीकडे. बाईंनी गाडी उचलून आणायला टेम्पो पाठवला आणि मग मामाकडे बघितलं. "चार महिने? आणि मी तुमच्या शब्दावर गाड्या सोडतेय." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हात बरा होईपर्यंत गनला शिवायचं नाही. बरा झाल्यावरही मला विचारल्याशिवाय नाही."

"होय बाई."

संध्याकाळपर्यंत भाचीने स्वतःच्या बोटांनी दहा बोल्ट बसवले. मामा शेजारी स्टुलावर बसून फेरे मोजत होता, मांडीवर दातेरी पट्टी आणि दोन्ही ट्रे. पट्टी लावायची, उजेडात धरायची, मग ट्रेमध्ये टाकायचं. पाचांपैकी जवळजवळ दोन चुकलेले निघाले.

टेम्पोतून मास्तरांची गाडी आली, सोबत मास्तरही. एक बोल्ट हाताने ओढताच बाहेर आला, आटे पिठासारखे झालेले. दुसरा डोक्याशीच पिळवटला होता. हब बदलावा लागणार होता. मामाने मास्तरांना सगळं सांगितलं, कुणाची चूक तेही.

मास्तरांनी तो बोल्ट उचलून बघितला, खाली ठेवला. मग त्यांनी मामाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मामाने मान खाली घालून बघितलं. मास्तरांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. म्हणजे घट्ट धरला असणार.